अपघातानंतर गाडी घेऊन निघून गेल्याचा आरोप: बचाव नेमका कशावर उभा करायचा?

विचारणाऱ्याने सांगितलेली हकिगत थोडक्यात अशी. धाकटा भाऊ, वय २७, दुसऱ्याच्या मालकीची पिकअप चालवतो. नारायणगावहून टोमॅटो भरून पुण्याकडे निघाला होता. रात्री साडेअकराच्या सुमारास मंचरच्या पुढे एका दुचाकीला धडक बसली. माणसे धावत आली, काचेवर दगड आला, आणि भाऊ गाडीसकट तिथून निघाला. पुढे ढाब्यावर थांबून त्याने मालकाला फोन केला. मालक म्हणाला, ‘आधी माल उतरव, मग बघू.’ पहाटे मार्केट यार्डात माल उतरला आणि सकाळी नऊच्या सुमारास भाऊ गाडी घेऊन पोलीस ठाण्यात हजर झाला. तोवर अनोळखी चालकाविरुद्ध गुन्हा दाखल झालेला होता. दुचाकीस्वार तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला आणि पोलिसांनी कलम वाढवले. आता घरच्यांचे प्रश्न आहेत: दहा वर्षांची शिक्षा होणार का, अटकपूर्व जामीन घ्यायचा का, लोक मारतील म्हणून निघालो हे कोर्ट ऐकेल का, आणि मालक ‘दुसरा ड्रायव्हर उभा करतो’ म्हणतोय, ते करायचे का.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थांबण्यासारखे नाही. नाही. अजिबात नाही. आज नाही, उद्या नाही, मालकाने कितीही रक्कम सांगितली तरी नाही. त्याची कारणे पुढे येतील.

आता दहा वर्षांचे. भारतीय न्याय संहितेत कलम १०६ चे दोन भाग आहेत. पहिल्या भागात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या (भादंवि) ३०४-अ मध्ये ही मर्यादा दोन वर्षे होती. दुसऱ्या भागात, असा मृत्यू घडवून चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता निघून गेला तर दहा वर्षांपर्यंत. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी जो संप केला, मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात आणि पंपांवर रांगा लागल्या, तो याच दुसऱ्या भागावरून. त्यानंतर केंद्राने संहिता १ जुलै २०२४ पासून लागू करताना १०६(२) एवढे बाजूला ठेवले. हे लिहीपर्यंत ते लागू झालेले नाही. म्हणजे पुस्तकात छापलेले दिसते, व्हॉट्सअपवर फिरते, पण त्याखाली आज कोणावर खटला चालू शकत नाही. उद्या लागू झाले तरी आधीच्या घटनेला ते लावता येणार नाही, कारण घटनेच्या अनुच्छेद २०(१) नुसार कृत्याच्या दिवशी लागू असलेल्या कायद्यापेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही. एफआयआरची प्रत नीट वाचा. चुकून १०६(२) लिहिले असेल तर तपासी अंमलदाराला लेखी अर्ज देऊन ते काढायला सांगा. नाही काढले तर उच्च न्यायालयात जाण्याइतका मुद्दा स्वच्छ आहे.

मग भावावर आज प्रत्यक्षात काय आहे? माझ्या अंदाजाने न्याय संहितेचे २८१ (बेदरकारपणे गाडी चालवणे), १२५(ब) (गंभीर दुखापत) आणि वाढवलेले १०६(१). मोटार वाहन कायद्याचे १८४ (धोकादायकपणे गाडी चालवणे) आणि १३४ सह १८७ (अपघातानंतरची कर्तव्ये न पाळणे). ही सगळी जामीनपात्र आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, कोर्टाची मेहेरबानी नाही. पोलीस ठाण्यातच बंधपत्रावर सोडता येते. अटकपूर्व जामिनाचा अर्ज अजामीनपात्र गुन्ह्यासाठी असतो, त्यामुळे या कलमांवर तो अर्ज करून देतो म्हणणाऱ्याला आधी एवढेच विचारा की यातले अजामीनपात्र कलम कोणते. (वकिलांनी एकमेकांबद्दल बोलू नये असा संकेत आहे, म्हणून इथेच थांबतो.)

पण एका गोष्टीवर डोळा ठेवा: कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध. ते लागले की सगळे चित्र पालटते, गुन्हा अजामीनपात्र होतो आणि खटला सत्र न्यायालयात जातो. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा जीव गेला, त्या ॲलिस्टर परेरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये भादंवि ३०४ च्या दुसऱ्या भागाखालची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. दारू पिऊन, बेफाम, माणसे मरू शकतात याची जाणीव असताना गाडी चालवणे, अशी परिस्थिती असली की पोलीस १०५ कडे वळतात. माणूस गाडीखाली अडकलेला आहे हे कळूनही फरफटत नेणे हेही त्यातच येते. तुम्ही सांगितलेल्या हकिगतीत यातले काही दिसत नाही. तरी मयताच्या गावातून मोर्चा आला, रास्ता रोको झाला की कलमे वाढतात, हे मी नेहमी पाहतो. तसे झाले तर मात्र नागरिक सुरक्षा संहितेच्या (नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या) कलम ४८२ चा, म्हणजे अटकपूर्व जामिनाचा, अर्ज त्याच दिवशी सत्र न्यायालयात हवा. आणि अटक झालीच तर अटकेची कारणे त्याला समजेल अशा भाषेत, लेखी मिळाली का आणि रिमांडला उभे करण्याच्या किमान दोन तास आधी मिळाली का, हे वेळेसकट टिपून ठेवा. हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वरळीच्या बीएमडब्ल्यू प्रकरणातल्या आरोपीच्या अपिलात घालून दिला आहे, आणि तो सर्व गुन्ह्यांना लागू आहे.

आता मुख्य मुद्दा. लोक ‘पळून गेला’ या एकाच शब्दात सगळा आरोप गुंडाळतात. मोटार वाहन कायद्यात आज तसा गुन्हा नाही. कलम १३४ चालकाला तीन कामे सांगते आणि ती न केल्याची शिक्षा कलम १८७ मध्ये आहे. पहिले, जखमीला वैद्यकीय मदत मिळावी म्हणून शक्य ते सगळे करायचे. मात्र जमावाच्या क्षोभामुळे किंवा हाताबाहेरच्या दुसऱ्या कारणामुळे ते शक्यच नसेल तर सूट आहे. दुसरे, पोलिसाने विचारले तर माहिती द्यायची, आणि पोलीस हजर नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, काही झाले तरी चोवीस तासांच्या आत घटना कळवायची. मदत का करता आली नाही तेही सांगायचे. तिसरे, विमा कंपनीला लेखी कळवायचे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास एक वर्ष किंवा दहा हजार. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हे आकडे तीन महिने आणि पाचशे रुपये होते.

ही कर्तव्ये कोणाची चूक होती यावर अवलंबून नाहीत. दुचाकीवाला उलट्या बाजूने आला, त्याच्या गाडीला मागचा दिवा नव्हता, तो प्यायलेला होता, हे सगळे १०६ च्या आरोपाला उत्तर आहे. १३४ ला नाही. उलटेही खरे आहे. १३४ मोडले म्हणून १०६ सिद्ध होत नाही. हे दोन आरोप वेगळे ठेवणे हेच बचावाचे अर्धे काम, कारण सरकारी वकील ते मिसळायला बघतात: ‘चूक नव्हती तर पळाला कशाला?’ हा प्रश्न कोर्टात इतक्यांदा ऐकला आहे की त्याचे उत्तर मी झोपेतही देईन. घटनेनंतरचे वर्तन पुराव्यात येते, नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६ मध्ये, जुन्या पुरावा कायद्याच्या ८ मध्ये. पण मातृ विरुद्ध उत्तर प्रदेश या १९७१ च्या निकालापासून हे ठरलेले आहे की निर्दोष माणूसही घाबरून पसार होऊ शकतो, आणि नुसते पसार होणे हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. इतर पुरावा भक्कम असेल तर ते त्याला पुष्टी देते, एवढेच.

आता भावाची ती रात्र १३४ च्या कसाला लावून बघू.

जमावाचा मुद्दा खरा आहे आणि कायद्याने स्वतःच मान्य केलेला आहे. पण तो तोंडी सांगून भागत नाही, कारण प्रत्येक आरोपी तेच सांगतो. भावाच्या बाजूने सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे फुटलेली काच. गाडी ठाण्यात जमा आहे, तर जप्ती पंचनाम्यात काच फुटल्याची नोंद आहे का ते बघा. आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासून अहवाल देतात. त्यात धडकेचे नुकसान आणि दगडाचे नुकसान वेगळे नोंदले गेले पाहिजे. तपासी अंमलदाराला लेखी विनंती करा, पोच घ्या. केबिनमध्ये दगड किंवा काचेचे तुकडे असतील तर त्यांची नोंद मागा. भावाला खरचटले असेल, काच लागली असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी झालेली असावी. सोबत क्लीनर होता का? असेल तर त्याचा जबाब लवकर व्हायला हवा, मालकाने त्याला गावी पाठवायच्या आत.

तरीही स्पष्ट सांगतो. जमावाची भीती पहिल्या पंधरा मिनिटांचे उत्तर देते. पुढच्या नऊ तासांचे देत नाही. ढाब्यावर जमाव नव्हता. हातात फोन होता. १०८ ला रुग्णवाहिकेसाठी किंवा ११२ ला पोलिसांसाठी एक फोन केला असता तर आज हा आरोप जवळजवळ उरलाच नसता, कारण त्या फोनची वेळेसकट नोंद राहते. त्याऐवजी कॉल रेकॉर्डमध्ये दिसणार आहे मालकाला केलेला फोन, आणि मार्केट यार्डाच्या गेटवर दिसणार आहे माल आत गेल्याची वेळ. सरकारी वकील ही दोन कागदपत्रे शेजारी ठेवतील आणि विचारतील: टोमॅटोला वेळ होता, माणसाला नव्हता? याला चलाख उत्तर नाही. वकिलाने ते शोधूही नये.

मग बचाव काय? दुसऱ्या कर्तव्याच्या बाबतीत भावाची बाजू तगडी आहे. तो स्वतःहून आला, पकडून आणलेला नाही. आला तो साडेनऊ तासांत, म्हणजे चोवीस तासांच्या बऱ्याच आत. आणि गाडी घेऊन आला, काच न बदलता, न धुता. ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द आडवे येतात हे खरे. चोवीस तास ही सवलत नव्हे, बाहेरची कड आहे. पण कड ओलांडलेली नाही आणि मधला उशीर का झाला हे परिस्थितीवर मोजायचे असते. पगारी चालक, रात्रीची वेळ, मालकाचा हुकूम, नुकताच झालेला दगडांचा मारा. यातल्या काही गोष्टी बचाव म्हणून टिकतील, काही फक्त शिक्षा ठरवताना उपयोगी पडतील. मालकाचा हुकूम दुसऱ्या वर्गात मोडतो. ‘मालक म्हणाला म्हणून’ हे कायदेशीर कारण नाही, पण तो फरार नव्हता, घाबरलेला नोकर होता, हे त्यातून दिसते.

धडक बसल्याचे कळलेच नाही, हा आणखी एक बचाव लोक विचारतात. तुमच्या प्रकरणात तो नाही, कारण भावाने फोन करून मालकाला सांगितले आहे. पण उसाची जुगाडे ओढणारा ट्रॅक्टर, चाळीस फुटी कंटेनर यांच्या मागच्या चाकाला कोणी घासून गेले तर केबिनमध्ये खरेच कळत नाही. तिथे हा बचाव प्रामाणिक असू शकतो. इंग्लंडमध्ये १९४८ च्या हार्डिंग विरुद्ध प्राइस खटल्यात हेच झाले: ट्रेलरची धडक चालकाला ऐकूच गेली नव्हती आणि लॉर्ड गोडार्ड यांच्या कोर्टाने म्हटले की जे माहीतच नाही ते कळवणार कसे. आपल्याकडे तो बंधनकारक नाही, पण युक्तिवाद म्हणून चालतो. अट एकच, गाडी पुढे गेल्यावर चालकाचे वर्तन अज्ञानाला शोभणारे हवे. पुढच्या वळणावर दिवे बंद केले, नेहमीचा रस्ता सोडला, सकाळी गॅरेज गाठले, की हा बचाव संपला.

आता सकाळी ठाण्यात भावाने काय सांगितले आणि काय लिहून घेतले गेले, हे मला सगळ्यात आधी बघायचे आहे. इथे कायद्याची एक गुंतागुंत आहे. १३४ म्हणते कळवा. अनुच्छेद २०(३) म्हणतो स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही. वाट अशी की घटना कळवायची, दोष कबूल करायचा नाही. तारीख, वेळ, ठिकाण, गाडी नंबर, दुचाकीशी धडक झाली, लोक जमले, दगड आला, म्हणून थांबता आले नाही, नंतर कुठे होतो, आता हजर आहे, विमा अमुक कंपनीचा. बस. ‘माझा डोळा लागला’, ‘गाडी भरधाव होती’, ‘माझीच चूक’ ही वाक्ये ठाणे अंमलदार आपल्या भाषेत घालतो आणि सही घेतो. घाबरू नका, पोलिसांपुढची कबुली साक्ष अधिनियमाच्या कलम २३ ने पुराव्यात चालत नाही, आणि आरोपीने स्वतः दिलेल्या फिर्यादीलाही तीच बंदी लागते, हे अघनू नागेसिया प्रकरणात १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पण ‘गाडी मी चालवत होतो’ एवढे विधान म्हणजे कबुली नव्हे असा वाद सरकार पक्ष घालतो, आणि मालकाला कलम १३३ खाली चालकाचे नाव सांगावेच लागते. त्यामुळे ‘चालक मी नव्हतो’ हा रस्ता तुमच्यासाठी बंद आहे असे समजून चाला. ते बरेही आहे. चार परस्परविरोधी बचाव घेणाऱ्यापेक्षा एकच धरून बसलेला आरोपी कोर्टाला खरा वाटतो.

आणि इथेच ‘दुसरा ड्रायव्हर’ येतो. लोकांच्या मनात सलमान खानचा खटला असतो. सप्टेंबर २००२ चा वांद्र्याचा अपघात; मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाची पाच वर्षांची शिक्षा, डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयातून निर्दोष मुक्तता; मध्ये कुटुंबाच्या ड्रायव्हरने कोर्टात येऊन गाडी आपण चालवत होतो असे सांगितले. त्यावरून गावोगावच्या मालकांनी धडा घेतला की ड्रायव्हर बदलला की सुटता येते. निकाल वाचला तर वेगळे दिसते. गाडी कोण चालवत होते आणि तो दारू प्यायलेला होता का, हे सरकार पक्षाला संशयापलीकडे सिद्ध करता आले नाही. मुख्य साक्षीदार असलेला पोलीस अंगरक्षक खटल्याच्या मधेच वारलेला होता आणि त्याची आधीची साक्ष पूर्ण विश्वासार्ह मानली गेली नाही. रक्ताचा नमुना कसा घेतला, कुठे ठेवला, कोणी नेला या साखळीवर शंका होत्या. सुटका झाली ती पुराव्याच्या त्रुटींमुळे. आता मे २०२४ चे पुण्याच्या कल्याणीनगरचे अपघात प्रकरण बघा. रक्ताचे नमुने बदलल्याचा आणि चालकाला दोष अंगावर घ्यायला लावल्याचा आरोप झाला, आणि मूळ अपघातापेक्षा जास्त माणसे त्या दुसऱ्या प्रकरणात आत गेली. दिल्लीच्या १९९९ च्या बीएमडब्ल्यू खटल्यात गाडी गोल्फ लिंक्सच्या घरी नेऊन धुतली गेली. धुण्यात हात असलेल्यांनाही सत्र न्यायालयाने पुरावा नष्ट केल्याबद्दल दोषी धरले. तुमच्या भावावरची सगळी कलमे आज जामीनपात्र आहेत. खोटा चालक उभा केला की पुरावा नष्ट करणे, खोटी माहिती देणे, कट ही कलमे जोडली जातील, आणि कॉल रेकॉर्ड आणि टॉवर लोकेशन अर्ध्या तासात खोटेपणा उघडा पाडेल. शिवाय तो ‘दुसरा’ पोरगा कोणाचा तरी भाऊ असतो.

दारूबद्दल. सकाळी नऊनंतर रक्त घेतले असेल तर रात्री साडेअकराबद्दल ते फारसे बोलत नाही. शंभर मिलिलीटर रक्तात तीस मिलिग्रॅम ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची (दारू पिऊन गाडी चालवणे) मर्यादा चाचणीत दिसल्याशिवाय ते कलम टिकत नाही. दारू उतरावी म्हणून दडून बसला, असा तर्क सरकार पक्ष करील. तर्क म्हणजे पुरावा नव्हे. इथे ढाब्याचा सीसीटीव्ही भावाच्या कामाचा ठरू शकतो: तो तिथे किती वेळ होता, काय घेतले, नीट चालत होता का. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्रण साठवणारे यंत्र, काही दिवसांत आधीचे पुसून वर नवे लिहितो. म्हणून आजच तपासी अंमलदाराला अर्ज द्या की ढाब्याचे, रस्त्यावरच्या पंपाचे, यार्डाच्या गेटचे चित्रण जतन करा. फुटेज नुसते पेनड्राइव्हवर आणून चालत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या निवडणूक वादातून निघालेल्या अर्जुन खोतकर निकालात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब बद्दल हे पक्के केले. हे दुधारी आहे. गाडीला जीपीएस असेल तर धडकेच्या क्षणाचा वेगही तिथे आहे. तो वेग काय आहे हे आधी स्वतःच्या वकिलाला सांगा, मग अर्ज करायचा का ते ठरवा.

१०६ चा खरा सामना निष्काळजीपणावर होईल. घटनास्थळ पंचनामा आणि कच्चा नकाशा बारकाईने वाचा: ब्रेकच्या खुणा कुठल्या लेनमध्ये, काचा आणि रक्त कुठे, दुचाकी कोणत्या दिशेला पडलेली, तिथे दिवे होते का, दुचाकीच्या मागच्या दिव्याची नोंद आहे का. अशा खटल्यांत ‘प्रत्यक्षदर्शी’ म्हणवणारे बरेचजण आवाज ऐकून आलेले असतात. उलटतपासणीत त्यांना एवढेच विचारायचे असते की धडक होण्याआधी तुम्ही कुठे बघत होता. ‘गाडी भरधाव होती’ हे वाक्य जवळपास प्रत्येक जबाबात असते, एकाच हाताने लिहिल्यासारखे. कर्नाटक विरुद्ध सतीश या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की ‘वेग जास्त होता’ एवढ्याने बेदरकारपणा सिद्ध होत नाही. आणि मुंबईच्याच कुर्बान हुसेन रंगवाला प्रकरणापासून (१९६४) नियम आहे की मृत्यू हा आरोपीच्या निष्काळजी कृत्याचा थेट आणि निकटचा परिणाम असला पाहिजे. दुचाकीस्वार तिसऱ्या दिवशी वारला, म्हणून शवविच्छेदन अहवाल आणि दवाखान्याचे केसपेपर दोन्ही मागवा. हेल्मेट नव्हते, हा मुद्दा मात्र फौजदारी बचाव म्हणून फार ताणू नका; भरपाईच्या दाव्यात त्याला जास्त जागा आहे.

एक प्रक्रियेचा बदल बऱ्याच जणांच्या अजून अंगवळणी पडलेला नाही. ३०४-अ ची शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती म्हणून तो समन्स खटला, म्हणजे सोप्या प्रक्रियेचा, असे. आता पाच वर्षे झाल्याने हा वॉरंट खटला, म्हणजे जास्त टप्प्यांचा, झाला. परिणामी दोषारोप ठेवण्याआधी डिस्चार्जचा, म्हणजे आरोपातून मुक्त करण्याचा, अर्ज करता येतो, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २६२ ने त्याला कागदपत्रांच्या प्रती मिळाल्यापासून साठ दिवसांची मुदत घातली आहे. तारखा पडत राहतात आणि साठ दिवस निघून जातात. प्ली बार्गेनिंगही, म्हणजे गुन्हा मान्य करून कमी शिक्षेचा तोडगा काढणेही, शक्य आहे. त्याची मुदत दोषारोप ठेवल्यापासून तीस दिवस. पण तिकडे जाण्याआधी पुरावा नीट तोलून बघा.

‘१८७ मान्य करून टाक, दंड भर, विषय संपव’ असा सल्ला कोर्टाच्या आवारात फुकट मिळतो. सोसायटीच्या फाटकाला घासले आणि कोणी जखमी नाही, अशा प्रकरणात तो ठीक असेल (हो, फक्त मालमत्तेचे नुकसान झाले तरी १३४ लागते). पण मृत्यूच्या खटल्यासोबत असताना नाही. ती कबुली म्हणजे कोणतेही कारण नसताना निघून गेलो हे स्वतःच्या सहीने लिहून देणे. १०६ मध्ये दोषी ठरला तर शिक्षेच्या वेळी ती वर येईल, आणि तिथे कोर्टे कडक आहेत. चालकांना परिवीक्षेवर (शिक्षेऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर) सोडू नये हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच दलबीर सिंग प्रकरणात सांगितले, आणि २०१५ च्या सौरभ बक्षी निकालात चोवीस दिवसांवर आलेली शिक्षा वाढवून सहा महिने केली.

मयताच्या घरच्यांशी तडजोडीबद्दल. १०६ तडजोडयोग्य नाही. दोन्ही बाजूंच्या संमतीने रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जाता येते, पण मृत्यूच्या प्रकरणात न्यायालये सहसा राजी होत नाहीत. त्यांना दवाखान्याच्या खर्चाची मदत द्यायची असेल तर जरूर द्या. माझ्या पाहण्यात कोणत्याही कोर्टाने त्याला गुन्ह्याची कबुली मानलेले नाही. रोखीने, रात्री, कोऱ्या स्टँपवर सह्या घेऊन मात्र नको. त्यांचा खरा आधार मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. गाडीचा विमा चालू असेल तर ते पैसे विमा कंपनी देईल. म्हणून विमा कंपनीला लेखी कळवण्याचे तिसरे काम अजून झाले नसेल तर आज करा, ईमेलने आणि पोच घेऊन. न्यायाधिकरणात भाऊ शपथेवर जे बोलेल ते फौजदारी खटल्यात उलट वापरले जाईल, तेव्हा दोन्हीकडचे जबाब एकाच वकिलाच्या नजरेखालून गेले पाहिजेत.

तो वकील मालकाचा नको. मालक म्हणतोय ‘माझाच वकील दोघांचे बघेल, खर्च मी करतो’, आणि घरची परिस्थिती बघता ते बरे वाटते. पण ‘आधी माल उतरव’ हा निरोप मालकाचा होता, चालक बदलायची कल्पना मालकाची आहे, आणि १३३ खाली भावाचे नाव लेखी देणारा साक्षीदारही मालकच असणार आहे. त्याचे आणि भावाचे हित एक नाही. वकीलपत्र वेगळे द्या. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कार्यालय जिल्हा न्यायालयातच असते, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. जाताना एफआयआरची प्रत, सकाळी दिलेल्या माहितीची पोच किंवा स्टेशन डायरीचा नंबर, भावाचे लायसन्स, विम्याची प्रत आणि त्या रात्रीचा त्याचा मोबाइल घेऊन जा. मोबाइलमधले काहीही पुसू नका, मालकाचे मेसेज तर मुळीच नाहीत.